जुन्या पेपरातल्या लॉटरी, स्वीप आणि पैदाशीच्या घोड्यांच्या जाहिराती: शोधायच्या कशा, वाचायच्या कशा

लॉटरीचं तिकीट घ्या, नाहीतर आपली घोडी दुसऱ्याच्या नामांकित घोड्याला दाखवायला न्या, व्यवहार एकाच जातीचा. पैसे आज रोख, माल पुढे कधीतरी, आणि येईलच असं नाही. नंबर लागला तर बक्षीस, घोडी गाभण राहिली तर शिंगरू. म्हणून १८व्या-१९व्या शतकातल्या इंग्रजी वसाहतींमधल्या पेपरात ह्या दोन्ही जाहिराती शेजारी शेजारी दिसतात आणि त्यांची मांडणीही सारखीच असते, वरती मोठ्या टायपात बक्षिसाचा आकडा किंवा घोड्याचं नाव, मध्ये भरपूर कौतुक, आणि तळाला बारीक टायपात अटी. माझा आग्रह एकच आहे, ह्या जाहिराती खालून वर वाचा. आधी अटी, मग आकडे, आणि कौतुक सगळ्यात शेवटी, तेही वेळ उरला तर.

हौस म्हणून, शोधनिबंधासाठी किंवा नुसतं रेसच्या इतिहासाचं वेड म्हणून हे काम करायचं असेल तर पुढचं वाचा. घरबसल्या बरंच होतं, थोड्यासाठी लायब्ररीत जावं लागतं.

आधी वसाहत ठरवा

"वसाहतकाळातले पेपर" म्हणून सगळीकडे एकदम शोधायला लागलात तर बुडाल. लॉटरीसाठी कलकत्ता, स्वीपसाठी (म्हणजे रेसवरची लॉटरी, सोडतीत तिकिटाला घोडा लागतो) ऑस्ट्रेलिया, आणि घोड्यांसाठी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा अमेरिकेतलं जुनं व्हर्जिनिया, अशी माझी वाटणी आहे. ह्याला कारण आहे. कलकत्त्यात कंपनी सरकारने स्वतः लॉटरीवर रस्ते बांधले, त्यामुळे तिथे लॉटरी उघड चालायची. ऑस्ट्रेलियात जमीन भरपूर, घराघरात घोड्या, मग चांगला नर घोडा कुणाकडे उभा आहे, म्हणजे पैदाशीसाठी ठेवलाय, हे सांगायला पेपरच लागायचा. भारतात मात्र घोड्यांची पैदास हा मुख्यतः पलटणीचा विषय. बिहारमधल्या पुसा इथे कंपनीचा स्टड, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचं केंद्र, १८व्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला, विल्यम मूरक्रॉफ्ट १८०८मध्ये त्याचा प्रमुख म्हणून आला आणि चांगले घोडे शोधत शोधत पार बुखाऱ्यापर्यंत जाऊन पोचला, तिकडून परत येताना १८२५ला वारला. सरकारच जिथे घोडे पाळतंय तिथे खाजगी मालकाची "आमचा घोडा ह्या सीझनला अमुक ठिकाणी उभा आहे" ही जाहिरात कमी, आणि घोडेविक्रीची, लिलावाची, पलटणीने काढून टाकलेल्या घोड्यांची जाहिरात जास्त.

आता कुठे काय मिळतं ते बघा. हिकीचं बेंगॉल गॅझेट, भारतातला पहिला छापील पेपर, २९ जानेवारी १७८० पासूनचा, जर्मनीतल्या हायडेलबर्ग युनिव्हर्सिटीने स्कॅन करून फुकट ठेवलाय. (त्याच साली इंग्लंडात एप्समची पहिली डर्बी रेस पळाली, पुढे ह्याच डर्बीवर कलकत्त्याने जगाला वेड लावलं, ते पुढे येतंच.) कलकत्ता गॅझेट १७८४पासून, त्यातले निवडक उतारे सेटन-कारने १८६०च्या दशकात पुस्तकरूपाने काढले, ते खंड इंटरनेट आर्काइव्हवर आहेत आणि नवशिक्याला तिथूनच सुरुवात करायला मी सांगतो, कारण त्यात जाहिरातीही घेतल्यात आणि टाइप स्वच्छ आहे. ऑस्ट्रेलियासाठी ट्रोव्ह, न्यूझीलंडसाठी पेपर्स पास्ट, सिंगापूरसाठी तिथल्या नॅशनल लायब्ररीची न्यूजपेपर-एसजी, जुन्या पेपरांच्या ह्या तिन्ही साइट्स फुकट. व्हर्जिनिया गॅझेट कलोनियल विल्यम्सबर्गच्या साइटवर फुकट आणि त्याला विषयवार सूचीसुद्धा आहे. बॉम्बे गॅझेट वगैरे मुंबईचे इंग्रजी पेपर ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हवर सापडतात पण तिथे पैसे मोजावे लागतात. टाइम्स ऑफ इंडिया, म्हणजे १८३८ला निघालेला बॉम्बे टाइम्स, प्रोक्वेस्ट ह्या डेटाबेसवर आहे, युनिव्हर्सिटीचं लॉगिन असलेला मित्र शोधा.

आणि मुंबईत असाल तर एशियाटिक सोसायटी. टाउन हॉलच्या त्या पायऱ्या चढताना एक लक्षात ठेवा, ह्या इमारतीसाठी पैसे उभे करायला लॉटरीचा घाट घातला गेला होता. ते पुरलं नाही, काम रखडलं, शेवटी सरकारने पैसे घातले आणि १८३३ला इमारत पुरी झाली. म्हणजे लॉटरीचा अभ्यास करायला ह्याच्यापेक्षा योग्य जागा नाही!

शोधायचे शब्द, इथेच निम्मे लोक अडकतात

सर्च बॉक्समध्ये "लॉटरी" टाकून एंटर मारणं ही सगळ्यात वाईट पद्धत. एक तर हजारो निकाल येतात, त्यात अर्ध्या "लग्न म्हणजे लॉटरी" छापाच्या कविता. दुसरं म्हणजे जिथे लॉटरीवर बंदी होती तिथे जाहिरातीत लॉटरी हा शब्दच नसतो. इंग्रजीत टाइप करायचे शब्द असे: १८व्या शतकासाठी "स्कीम ऑफ अ लॉटरी", "प्रायझेस" आणि "ब्लँक्स" (कोरी तिकिटं) एकत्र. १९व्या शतकाच्या मध्यापासून "आर्ट युनियन" (चित्रकलेच्या नावाखालची सोडत), "रॅफल", "डिस्ट्रिब्यूशन". ऑस्ट्रेलियात १८८० नंतर "कन्सल्टेशन". होय, कन्सल्टेशन, डॉक्टरचं नव्हे. टॅटरसॉल्सच्या (मूळचं सिडनीतलं हॉटेल, ते पुढे येतंच) स्वीपची जाहिरात ह्याच नावाने यायची, हे माहीत नसेल तर आयुष्यभर शोधत बसाल. भारतात "डर्बी स्वीप", "जिमखाना स्वीप".

घोड्यांसाठी "टू स्टँड धिस सीझन", "विल कव्हर", "विल ट्रॅव्हल", "पर मेअर", "ग्रूमेज". घोड्याचं नाव माहीत असेल तर नाव टाका, पण नावं फसवी असतात. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळ सिल्व्हिया पार्क इथे मस्केट नावाचा इंग्लंडहून आणलेला घोडा उभा असायचा, त्याचा मुलगा कार्बाइन १८८५ला तिथे जन्मला आणि १८९०चा मेलबर्न कप जिंकला. आता पेपर्स पास्टवर "मस्केट" टाकलंत तर बंदुका येणार, "कार्बाइन" टाकलंत तरी बंदुकाच येणार. म्हणून नावाबरोबर नेहमी गावाचं किंवा स्टडचं नाव जोडा.

दुसरी तांत्रिक भानगड. ट्रोव्हवर आणि पेपर्स पास्टवर एकेक जाहिरात सुटी कापलेली नसते, पूर्ण कॉलम किंवा अख्खं पानच एक आयटम म्हणून येतं. त्यामुळे "हॉर्स" आणि "लॉटरी" दोन्ही शब्द टाकले की वरच्या कोपऱ्यातला घोडा आणि खालच्या कोपऱ्यातली लॉटरी, दोघांचा काही संबंध नसताना, निकालात येतात. उपाय म्हणजे अवतरणात पूर्ण वाक्प्रयोग टाकायचा, नाहीतर ट्रोव्हवर अवतरणानंतर तरंगरेघ (~) आणि आकडा देऊन दोन शब्द जवळजवळ असले पाहिजेत असं सांगायचं. फिल्टरमध्ये "अॅडव्हर्टायझिंग" निवडा म्हणजे बातम्या गळतात.

तिसरी भानगड १८००च्या आधीच्या छपाईची. तेव्हा शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येणारा एस हा एफसारखा छापत, कॉम्प्युटर तो एफच वाचतो. म्हणून "हॉर्स", "सेल", "सीझन" ह्या शब्दांमध्ये एस काढून एफ घालून एकदा परत शोधा. विचित्र दिसतं पण घबाड हाती लागतं.

महिनाही लावून घ्या. दक्षिण गोलार्धात घोड्यांच्या जाहिराती साधारण ऑगस्टपासून नाताळपर्यंत, उत्तर गोलार्धात फेब्रुवारी-मार्चपासून उन्हाळ्यापर्यंत, कारण घोडी माजावर वसंतात येते. मेलबर्न कप नोव्हेंबरात, म्हणून त्याच्या स्वीपच्या जाहिराती हिवाळा संपताना सुरू होतात. एवढं केलंत तरी निकाल चांगलेच आटोक्यात येतात.

लॉटरीची जाहिरात: पैसे कुणाकडे आहेत ते आधी बघा

जाहिरात समोर आली की चार गोष्टी वहीत उतरवा. तिकिटं किती, तिकिटाचा भाव, बक्षिसं किती आणि कसली, आणि पैसे कुणाच्या ताब्यात. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच सगळ्यात बारीक टायपात.

कलकत्त्यात दोन प्रकार होते, ते वेगळे ठेवा. एक सार्वजनिक कामाची लॉटरी. सेंट जॉन्स चर्च, ज्याची पायाभरणी १७८४मध्ये झाली, त्याला लॉटरीचा पैसा लागला. टाउन हॉल, १८१३चा, तोही लॉटरीतून. मग १८१७ला रीतसर लॉटरी कमिटी बसली, तिने १८३६पर्यंत काम केलं आणि स्ट्रँड रोड, कॉर्नवॉलिस स्ट्रीट, कॉलेज स्ट्रीट, वेलिंग्टन स्ट्रीट असले मोठे रस्ते काढले. आज कॉलेज स्ट्रीटवर जुनी पुस्तकं चाळणाऱ्याच्या पायाखाली कुणाची तरी न लागलेली तिकिटं आहेत असं म्हणायला हरकत नाही.

दुसरा प्रकार खाजगी. साहेब विलायतेला परत निघालाय किंवा कर्जात बुडालाय, हातात मोठं घर किंवा बाजार आहे, एकरकमी घेणारा गिऱ्हाईक नाही. मग तो मालमत्तेची किंमत करून तेवढ्या रकमेची तिकिटं काढायचा. एडवर्ड टिरेटा नावाच्या इटालियन माणसाचा कलकत्त्यातला टिरेटा बाजार असाच लॉटरीत गेला आणि चार्ल्स वेस्टनला लागला. अशा जाहिरातीत बघायचं ते हे, की मालमत्तेची किंमत ठरवली कुणी? बहुतेक वेळा मालकानेच.

हिशोब करून बघू, आकडे मी उदाहरणापुरते धरतोय. समजा २,००० तिकिटं, प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे २ लाख जमा. १० टक्के खर्चापोटी कापले, राहिले १ लाख ८० हजार, ते ३०० बक्षिसांत वाटायचे. म्हणजे १,७०० तिकिटं कोरी, दर २० मागे १७ कोरी. शंभराच्या तिकिटामागे सरासरी ९० रुपये परत, ऐकायला बरं वाटतं. आता पहिलं बक्षीस म्हणजे "५० हजारांचं घर" आणि ते घर बाजारात प्रत्यक्षात ३० हजारांनाच जाणारं असेल, तर वाटली गेलेली किंमत १ लाख ६० हजार, म्हणजे शंभरामागे ८०. मालकाने २० हजार वरच्यावर काढले आणि जाहिरातीत ते कुठेच दिसत नाही. म्हणून वस्तूची लॉटरी दिसली की आधीच्या दोन-तीन वर्षांच्या पेपरात तीच वस्तू साध्या विक्रीला निघाली होती का हे शोधा, कधीकधी मागितलेला भाव तिथे छापलेला मिळतो.

रुपया म्हणजे कुठला रुपया हेही बघा. १८३५च्या आधी कलकत्त्यात सिक्का रुपया, मद्रासला बराच काळ स्टार पॅगोडा, मुंबईचा रुपया वेगळा. १५ सिक्का म्हणजे १६ कंपनी रुपये, आणि एक पॅगोडा साधारण साडेतीन रुपये धरायचा. तिकिटाचा भाव सामान्य माणसाला कसा पडायचा हे कळायला शिपायाचा पगार लावा, १९व्या शतकाच्या मध्याला बंगाल पलटणीतल्या देशी शिपायाला महिना ७ रुपये मिळत. वरच्या उदाहरणातलं १०० रुपयांचं तिकीट म्हणजे त्याची वर्षापेक्षा जास्त कमाई. हे तिकीट कुणासाठी होतं ते तिथेच कळलं. म्हणून तर अर्धं, पाव, आठवा हिस्सा असं तिकीट फोडून विकणारे दलाल निघाले, त्यांच्या जाहिराती वेगळ्या असतात आणि त्यात हिश्शांची बेरीज मूळ भावापेक्षा जास्त भरते का हे तपासायला मजा येते.

कायदा बदलला की जाहिरातीचा वेष बदलतो

हा भाग मला सगळ्यात आवडतो त्यामुळे थोडं लांबेल. भारतात १८४४च्या पाचव्या अॅक्टाने सरकारी परवानगी नसलेल्या सगळ्या लॉटऱ्या बंद केल्या. १८७०मध्ये भारतीय दंडविधानात २९४-अ कलम घातलं, त्यात लॉटरीचं ऑफिस चालवणं तर गुन्हा झालंच, पण तशी योजना प्रसिद्ध करणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे पेपरवालाही अडकला. तुम्ही जाहिराती वर्षवार लावल्यात तर ह्या दोन सालांच्या आसपास शब्द आणि सूर बदललेला दिसतो का हे बघणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पण जुगार थांबतो थोडाच. १८४७ला स्थापन झालेल्या कलकत्ता टर्फ क्लबने एप्समच्या डर्बीवर स्वीप चालवली, कागदोपत्री ती क्लबच्या मेंबरांपुरती, प्रत्यक्षात तिकिटं जगभर. १९३०मध्ये आयरिश हॉस्पिटल स्वीपस्टेक सुरू होईपर्यंत "कलकत्ता स्वीप" म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं घबाड समजलं जायचं. हिची थेट जाहिरात शोधू नका, बातम्या शोधा, ड्रॉमध्ये कुणाला कुठला घोडा लागला, कुणी तिकिटाचा अर्धा हिस्सा कितीला विकला, अशा. बातमीच जाहिरातीचं काम करत होती.

इंग्लंडात सरकारी लॉटरी १८२६ला संपली. मग १८४६चा आर्ट युनियन कायदा आला, चित्रकलेला उत्तेजन म्हणून सोडत काढायला मुभा. वसाहतींनी ही फट बरोबर पकडली. न्यूझीलंडमध्ये तर आर्ट युनियनचं बक्षीस म्हणून नदीतलं सोनं देत, कारण रोख रक्कम द्यायची सोय नव्हती. चित्राचा आणि त्याचा काय संबंध ते विचारू नका.

आणि मग जॉर्ज अॅडम्स. सिडनीतल्या टॅटरसॉल्स हॉटेलचा मालक, १८८१ला त्याने सिडनी कपवर पब्लिकसाठी स्वीप काढली आणि टपालाने पैसे घ्यायला लागला. १८९३मध्ये न्यू साउथ वेल्सने टपालावर गदा आणली, हा ब्रिस्बेनला गेला. क्वीन्सलंडने १८९५ला कायदा केला, हा टास्मानियात होबार्टला. टास्मानियाला त्याची गरज होती, कारण तिथली बँक ऑफ व्हॅन डिमेन्स लँड १८९१ला बुडाली होती आणि तिच्या मालमत्ता विकत घ्यायला कुणी नव्हतं, त्या अॅडम्सने लॉटरी काढून उडवल्या. मग ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं, १९०१चा टपाल कायदा आला, आणि १९०२पासून त्याच्या नावाची पत्रंच पोस्ट घेईना. तर जाहिरातीत काय बघायचं? पत्ता. नुसता पत्ता. सिडनीचा असेल तर १८९३च्या आधीची, ब्रिस्बेन म्हणजे मधली दोन-तीन वर्षं, होबार्ट म्हणजे त्यानंतरची, आणि पत्त्यावर त्याच्याऐवजी भलत्याच कुणाचं नाव असेल तर ते एजंट, पोस्टाला चकवायला. तारीख फाटलेलं कात्रण हातात आलं तरी एवढ्यावरून काळ बांधता येतो. आणि एखाद्या पेपरातून जाहिरात गायब झाली म्हणून स्वीप बंद पडली असं लिहून मोकळे होऊ नका, दुसऱ्या वसाहतीतला पेपर उघडा, तिथे चालू असते.

स्वीपचं गणित थोडक्यात

स्वीपमध्ये दोन टप्पे. आधी सोडत, तिकिटाला घोडा लागतो. मग रेस. समजा ५,००० तिकिटं १० शिलिंगांची, जमा २,५०० पौंड, १० टक्के वजा, राहिले २,२५०. अॅडम्सची कपात १० टक्केच असायची, त्यामुळे हे उदाहरण फार लांबचं नाही. रेसला ४० घोडे नोंदलेले असतील तर ५,००० मधल्या फक्त ४० तिकिटांना घोडा, म्हणजे १२५ला १. बाकीच्यांचा खेळ रेसच्या आधीच संपला. जाहिरातीत पहिला, दुसरा, तिसरा ह्यांचे मोठे आकडे, मग "स्टार्टर्स" मध्ये वाटून इतके आणि "नॉन-स्टार्टर्स" मध्ये वाटून इतके. शेवटचं वाचून लोक खूश होतात, न पळालेल्या घोड्यालाही पैसे! वाटून किती येतात तो भागाकार तुम्ही करा.

"फुल झाल्यावर ड्रॉ", म्हणजे सगळी तिकिटं खपल्यावरच सोडत, अशी अट असेल तर तारखेवर विश्वास ठेवू नका. आणि जाहिरातीत "नक्की", "निश्चितपणे", "कोणत्याही परिस्थितीत" हे शब्द वाढत गेले की समजा तिकिटं खपत नाहीयेत, पुढच्या अंकांत तारीख पुढे गेलेली शोधा.

पैदाशीच्या घोड्याची जाहिरात: फी, अट, वंशावळ

इथेही खालून वर. व्हर्जिनिया गॅझेटमधल्या जाहिरातीत बऱ्याचदा वेगवेगळे भाव असतात: एका उडीचा, पूर्ण सीझनचा, आणि शिंगरू ठरल्यावरचा, ज्याला ते इन्शुरन्स म्हणत. हे भाव एकमेकांशेजारी ठेवले की मालकाचा स्वतःच्या घोड्यावर किती भरवसा आहे ते कळतं. ठरल्यावरचा भाव सीझनच्या भावापेक्षा थोडाच जास्त असेल तर घोडा खात्रीचा, दुप्पट असेल तर मालकालाच शंका आहे, निदान मी तरी असंच वाचतो. १७६४ला जॉन बेलरने इंग्लंडहून आणलेला फिअरनॉट हा त्या काळातला बडा घोडा, त्याचं नाव टाकून सुरुवात करा, पुढच्या कितीतरी घोड्यांच्या जाहिरातीत "बाप फिअरनॉट" हाच मुख्य माल असतो.

ऑस्ट्रेलियात फी गिनीत. गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंड २० शिलिंगांचा, हा एका शिलिंगाचा फरक सवयीने विसरला जातो आणि मग तुमच्या तक्त्यातल्या बेरजा चुकतात. फीशिवाय मोतद्दाराचे वेगळे पैसे, तेच ग्रूमेज. कुरणाचे आठवड्याचे पैसे वेगळे. आणि त्याच्याखाली ते अमर वाक्य, की घोड्यांची सर्व काळजी घेतली जाईल पण जबाबदारी नाही. अमुक तारखेपर्यंत फी दिली नाही तर घोडी सोडणार नाही, हेही असतं. जाहिरातीत "ट्रॅव्हल" असेल तर घोडा एका जागी नाही, आठवड्याच्या वारांप्रमाणे गावोगाव फिरतोय, आणि मग गावांची नावं नकाशावर लावलीत की त्या भागातल्या शेतवस्तीचा रस्ता हातात येतो. हे काम एकदा करून बघाच.

आता वंशावळ. इंग्लंडात जनरल स्टड बुक, म्हणजे घोड्यांच्या वंशावळीची नोंदवही, १७९०च्या दशकात सुरू झालं, न्यूझीलंडचं १८६२ला, ऑस्ट्रेलियाचं १८७८ला. त्याआधीच्या वसाहतीतल्या घोड्याची वंशावळ म्हणजे मालकाचा शब्द. नियम असा ठेवा, एकाच घोड्याची पहिली जाहिरात आणि शेवटची जाहिरात शेजारी ठेवायची. घोडा जसा म्हातारा होतो तसे त्याचे पूर्वज वाढत जातात!

सिडनीतल्या हेक्टरचं उदाहरण घ्या. १९व्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून न्यू साउथ वेल्सला नेलेला हा अरबी घोडा, तिथल्या सुरुवातीच्या पैदाशीत त्याचं नाव फार मोठं, आणि त्याला एक कथा चिकटली की तो मुळात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा. वेलिंग्टन म्हणजे आपला तोच आर्थर वेलस्ली, १८०३च्या असईच्या लढाईतला. कथा खरी असेलही, पण तपासायची कशी? वेलस्ली ड्यूक झाला १८१४ला. त्यामुळे "ड्यूकचा घोडा" असं लिहिणारा मजकूर त्यानंतरचाच. मग प्रश्न असा की १८१४च्या आधीच्या सिडनी गॅझेटमध्ये ह्या घोड्याबद्दल वेलस्लीचं नाव येतं का. पेपर १८०३पासूनचा ट्रोव्हवर आहे, बसा आणि शोधा. माणूस प्रसिद्ध झाला की त्याचे जुने घोडेही प्रसिद्ध होतात, हे नेहमी धरून चालायचं.

उलट बाजूनेही धागा आहे. ऑस्ट्रेलियातून कलकत्ता, मद्रास, मुंबईला पलटणीसाठी घोडे यायचे, त्यांना न्यू साउथ वेल्सवरून वेलर म्हणत. म्हणून तिकडच्या पेपरात "भारताच्या बाजारासाठी घोडे हवेत" अशा खरेदीच्या जाहिराती भरपूर. त्या आणि पैदाशीच्या जाहिराती एकत्र लावल्यात की कुठल्या बांध्याचा घोडा कधी मागणीत होता ते दिसतं. मुंबईत मात्र जोर अरबी घोड्यांवर, बसरा आणि इराणी आखातातून ते बोटीने यायचे, भायखळ्याला रेस व्हायच्या, पहिल्या आगाखानांचे घोडे पळायचे, आणि १८८३ला महालक्ष्मीचं मैदान झालं. दख्खनच्या भीमथडीच्या तट्टांनी मराठ्यांच्या मोहिमा गाजवल्या, पण इंग्रजी पेपरातल्या जाहिरातींत भाव अरबी आणि विलायती रक्ताला. भीमथडी शोधायची तर जाहिराती सोडून गॅझेटियर आणि सरकारी दप्तर धरा.

निकालापर्यंत पाठलाग

एक जाहिरात म्हणजे काहीच नाही. निदान पुढचे सहा महिने तीच जाहिरात अंकागणिक बघायची. तळाला बारीक अक्षरांत टी-एफ असेल तर "बंद करायला सांगेपर्यंत छापा" असा छापखान्याला निरोप, म्हणजे ती जाहिरात शिळी असू शकते, घोडा मेलेला असला तरी जाहिरात चालू! लॉटरीसाठी लागलेल्या नंबरांची यादी शोधा, ट्रोव्हवर ती "डिटेल्ड लिस्ट्स, रिझल्ट्स, गाइड्स" ह्या फिल्टरमध्ये निघते. मग कोर्टाच्या बातम्या, बक्षीस मिळालं नाही म्हणून दावे, फी बुडवली म्हणून दावे, आणि दिवाळखोरीच्या नोटिसा. घोड्यासाठी दोन-तीन वर्षांनी त्याची शिंगरं विक्रीला आली का, आणि पाच वर्षांनी ती पळाली का. कार्बाइनसारखा घोडा असेल तर सोपं, तो १८९५ला १३,००० गिनींना इंग्लंडला ड्यूक ऑफ पोर्टलंडकडे गेला आणि त्याच्या स्पिअरमिंट नावाच्या मुलाने १९०६ची एप्सम डर्बी जिंकली. साध्या गावठी घोड्याचा माग लागत नाही बहुतेक, पण लागला तर तो जास्त बोलतो.

नोंदी स्प्रेडशीटमध्ये ठेवा. पेपरचं नाव, तारीख, पान, कॉलम, कायमची लिंक, जाहिरातीचा मजकूर जसाच्या तसा, मग तिकीट किंवा फी, नाणं, अटी, पैसे घेणारा, पत्ता, पुन्हा छापल्याच्या तारखा. मजकूर कॉम्प्युटरने वाचलेला तसाच चिकटवू नका, आकडे हमखास चुकलेले असतात, ३चा ८ आणि १चा ७ होतो, चित्र मोठं करून डोळ्यांनी बघा. ट्रोव्हवर तुम्हाला मजकूर दुरुस्त करता येतो, केलात तर पुढच्या माणसाचं भलं होतं. आणि लिंक आजच सेव्ह करा, उद्या तोच सर्च मारून तीच जाहिरात परत सापडेल ह्या भरवशावर राहू नका.

सुरुवात करायची असेल तर ट्रोव्हवर "टॅटरसॉल्स कन्सल्टेशन" अवतरणात टाका, साल १८९२ ते १८९७, फिल्टर अॅडव्हर्टायझिंग, आणि एकाच पेपरातल्या जाहिराती तारखेच्या क्रमाने उघडून फक्त पत्त्याची ओळ उतरवत जा. दुपारभराचं काम आहे, चहा जवळ ठेवा.